टेबलावरची रेल्वे आणि दारातील रांग

मॉडेल रेल्वेच्या क्लबात वर्षातून काही दिवस बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवले जाते. त्या दिवशी सकाळी सभासद सर्वांत आधी बाहेर काढतात ती स्टुले. लाकडी पायऱ्या, प्लॅस्टिकचे चौरंग, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आणलेली घडीची शिडी, अशा वस्तू लेआउटच्या कडेने मांडल्या जातात. एरवी हे रूळ प्रौढ माणसाच्या छातीच्या उंचीवर असतात आणि बांधणाऱ्याला ती उंची मुद्दाम हवी असते. डोळा रुळाच्या पातळीला आला की गाडीचे खेळणेपण सरते. फलाटावर उभे राहून पाहावी तशी ती दिसू लागते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र तेथून फळीची खालची बाजू आणि तारांचे जंजाळ एवढेच दिसते.

लेआउट किती उंचीवर बांधावा, हा या छंदातील जुना वाद आहे. वरवर तो सुतारकामाचा वाद वाटतो. पण हे सारे कोणासाठी बांधायचे, हा प्रश्न त्याच्या पोटात असतो. अमेरिकेत नोव्हेंबर हा मॉडेल रेल्वेचा महिना म्हणून पाळला जातो. तेव्हापासून नाताळ उलटून जाईपर्यंत तेथील अनेक क्लब आपली तळघरे, गोदामे आणि भाड्याच्या खोल्या लोकांसाठी खुल्या करतात. पहिला मान बहुधा सभासदांच्या घरच्यांचा आणि मित्रमंडळींचा असतो. वर्षभर दर आठवड्याची एक संध्याकाळ घरातून नाहीशी होणारा माणूस नेमका कोठे जातो आणि काय करतो, हे त्यांना तेव्हा दिसते.

तो काय करतो हे समजण्यासाठी थोडे गणित लागते. या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याइतकी असते आणि दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. एकवीस-बावीस मीटरांचा प्रवासी डबा या हिशेबाने वीतभर होतो, तर माणूस बोटाच्या एका पेराएवढा. येथवर सारे गोंडस वाटते. अडचण येते ती भूगोलाची. दूधसागरचा धबधबा सुमारे ३१० मीटर उंच मानला जातो. एचओ प्रमाणात तो साडेतीन मीटरांहून अधिक भरतो, म्हणजे साध्या घराचे छत फोडल्याशिवाय तो उभा करता येणार नाही. कुळ्याहून कॅसल रॉकपर्यंतचा घाट साधारण २५ किलोमीटरांचा धरला, तर त्याची लांबी पावणेतीनशे मीटरांच्या पुढे जाते. एवढा दिवाणखाना कोणाकडेच नसतो. म्हणून बांधणाऱ्याला भूगोल आकसावा लागतो. कोणते वळण ठेवायचे, कोणता बोगदा सोडायचा, दोन स्थानकांमधील किती रान गाळायचे, हे ठरवताना मूळ जागेची ओळख मात्र पुसता कामा नये. या कलेतील खरी बुद्धी येथे लागते.

घरात मावत नाही ते चार जणांनी मिळून भाड्याच्या जागेत बांधावे, या निकडीतून क्लब जन्माला येतात. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० पासून चालू आहे. अमेरिकेतील मॉडेल रेल्वेप्रेमींची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झाली. चाकांचे आकार, रुळांतील अंतर, पुढे विजेच्या संदेशांची भाषा यांचे प्रमाणीकरण तिने केले. त्यामुळे एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर धावू लागले. क्लबात कामाची वाटणी आपोआप होते. एकाला सुतारकाम येते, दुसऱ्याला तारा जोडता येतात, तिसरा वाळलेल्या फांद्या आणि रंगवलेला भुसा यांतून जंगल उभे करतो. चौथ्याला यातले काहीच येत नाही; त्याला खऱ्या रेल्वेची जुनी वेळापत्रके तोंडपाठ असतात आणि म्हणून सर्वांवर त्याचा वचक असतो.

घरची मंडळी येतात तेव्हा पहिला खटका या चौथ्या माणसाशी उडतो. क्लबात गाडी चालवण्याच्या दोन रीती असतात. एक रीत सभासदांची स्वतःची. तिला ते ‘ऑपरेशन’ म्हणतात. तीत खऱ्या रेल्वेसारखे वेळापत्रक असते, गाड्यांना परवानगी देणारा नियंत्रक असतो, प्रत्येक वाघिणीसाठी एक कार्ड असते आणि ही वाघीण कोणत्या साइडिंगमधून उचलून कोणत्या कारखान्याच्या दारात लावायची हे त्यावर लिहिलेले असते. भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम चौपट किंवा सहापट वेगाने धावते, म्हणजे तीन तासांच्या संध्याकाळीत रेल्वेचा अर्धा-पाऊण दिवस बसतो. अशा वेळी एखादी मालगाडी समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत मिनिटेच्या मिनिटे उभी राहते. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या प्रवाशाला यातील वास्तव पटेल; पण त्यात करमणूक काय, असे तो नक्की विचारील. सभासदाला मात्र त्या थांबण्यातच रस असतो.

दुसरी रीत पाहुण्यांसाठी. तीत गाड्या फिरत राहतात. एक बोगद्यात शिरते तोच दुसरी पुलावर येते, रूळ रिकामा राहत नाही. कसलेला सभासद या गोल गोल फिरण्याला नाक मुरडतो. तरीही खुल्या दिवशी तो तेच करतो, कारण उभ्या मालगाडीपुढे मूल अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक टिकत नाही, हे त्याने पाहिलेले असते.

सतत फिरती गाडी ठेवणे दिसते तितके सोपे नाही. इंजिनाला वीज रुळांतून मिळते आणि रुळांवर काळसर थर बसतो. आज बहुतेक रूळ ज्या धातूचे असतात त्याला जर्मन सिल्व्हर किंवा निकेल सिल्व्हर म्हणतात. त्यात चांदी नावालाही नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. तो पितळेपेक्षा बरा, पण स्वच्छ करावाच लागतो. खुल्या दिवसाच्या आदल्या रात्री सभासद स्पिरिटने भिजवलेली फडकी घेऊन मीटरच्या मीटर रूळ पुसत असतात. सांध्याची जीभ केसभर उघडी राहिली तरी डबा घसरतो. दमट हवेत प्लायवूड फुगते आणि काल जुळलेला जोड आज उंचावतो. नेमके पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत डबे उतरतात. मग बाजूने एक हात येतो, डबे उचलून रुळावर ठेवतो आणि नाहीसा होतो. या हाताला इंग्रजी बोलणारे छांदिष्ट ‘०-५-०’ म्हणतात. वाफेच्या इंजिनांचे वर्गीकरण चाकांच्या संख्येने होते: पुढची लहान चाके किती, मधली ओढणारी किती, मागची किती. यार्डातील साधे इंजिन ०-६-० असते. हाताला पाच बोटे, म्हणून तो ०-५-०. हा विनोद क्लबात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एकदा ऐकावा लागतो.

पाहुण्यांना दार उघडण्याची ही सवय कोठवर पोहोचू शकते, याचे सर्वांत नामांकित उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी येथे आहे. तेथील विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ १९४६ मध्ये सुरू झाला. ‘बिल्डिंग २०’ ही लाकडी इमारत १९४३ मध्ये युद्धकाळातील रडार-संशोधनासाठी तात्पुरती म्हणून उभारलेली होती. तिच्यातील एका खोलीत क्लबाचा लेआउट वाढत गेला. क्लबात दोन पंथ पडले. एका पंथाला डोंगर, गावे आणि गाड्यांचे रंग यांत रस होता. दुसरा पंथ टेबलाखाली राहत असे. रुळांचे तुकडे वेगवेगळ्या चालकांच्या हाती कसे सोपवायचे, सांधे कसे फिरवायचे, यासाठी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधील रिले आणि टेलिफोनची डायल यांची एक अवाढव्य यंत्रणा टेबलाखाली रचली होती. रुळाचा कोणता तुकडा आपल्या ताब्यात हवा, हे चालक डायल फिरवून सांगत असे. खोलीत ठिकठिकाणी तातडीने सारे थांबवण्याची बटणे होती. दोन गाड्यांची धडक होण्याचा रंग दिसला की कोणीतरी ते दाबी. भिंतीवरचे घड्याळ थांबे आणि वेळेच्या जागी ‘फू’ हा निरर्थक शब्द उजळे. संगणकाच्या पुस्तकांत उदाहरणादाखल हाच शब्द आजही भेटतो.

‘हॅक’ या शब्दाला आजचा अर्थ देण्यात या टेबलाखालच्या मंडळींचा मोठा वाटा आहे. फुकटचा खटाटोप वाटावा, पण ज्यात कल्पकता आणि कौशल्य आहे, असे काम म्हणजे हॅक, अशा अर्थाने ते तो वापरत. १९५९ मध्ये पीटर सॅमसन या सभासदाने क्लबाच्या बोलीचा एक छोटा कोश केला, त्यात तो नोंदलेला आहे. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवात या खोलीपासून होते. संस्थेत संगणक आले तेव्हा ही मुले रात्री-बेरात्री तेथे जाऊन बसू लागली. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरील खेळ तयार केला. त्यांतील कित्येक जण या क्लबाचे होते. खेळाचे हातात धरायचे नियंत्रक क्लबाच्या खोलीतील सुट्या भागांतून जुळवलेले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात संस्थेने आपली दारे लोकांसाठी उघडली तेव्हा हा खेळ पाहुण्यांना दाखवण्यात आला. आपण रात्र रात्र जागून केलेली गोष्ट बाहेरून आलेल्या माणसासमोर चालवून दाखवावी, ही रेल्वे-क्लबातली रीत संगणकाच्या खोलीतही गेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

तात्पुरती म्हणून बांधलेली बिल्डिंग २० अर्धशतकाहून अधिक काळ उभी राहिली आणि १९९८ मध्ये पाडली गेली. क्लबाला त्याआधी जागा सोडावी लागली. लेआउट ही काही उचलून नेण्याची वस्तू नसते. ती खोलीच्या मापाने वाढलेली असते. दशकांचे काम तेथेच संपले आणि दुसऱ्या इमारतीत नव्याने पाया घालावा लागला. नव्या लेआउटवर सभासदांनी एमआयटीच्याच ‘ग्रीन बिल्डिंग’ या उंच इमारतीची प्रतिकृती उभारली. तिच्या खिडक्यांत दिवे बसवून त्यांवर ‘टेट्रिस’ हा ठोकळ्यांचा खेळ खेळता येईल अशी व्यवस्था केली. रेल्वेत मुळीच गोडी नसलेला पाहुणाही त्या खिडक्यांपाशी रेंगाळतो. पुढे एप्रिल २०१२ मध्ये काही खोडकर विद्यार्थ्यांनी खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांत दिवे लावून एका रात्री सबंध इमारतीवर टेट्रिस चालवले. साधारणपणे खऱ्या वस्तूची प्रतिकृती होते. येथे क्रम उलटा झाला.

जागेच्या प्रश्नावर कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराने वेगळा तोडगा काढला. तेथील बाल्बोआ पार्कमध्ये कासा दे बाल्बोआ या इमारतीच्या खालच्या मजल्यावर १९८२ पासून मॉडेल रेल्वेचे संग्रहालय आहे. या छताखाली वेगवेगळ्या क्लबांनी आपापले लेआउट बांधले. क्लबांना कायमची जागा मिळाली, बदल्यात त्यांनी लोकांसमोर काम करण्याचे मान्य केले. त्यांतील ला मेसा क्लबाचा लेआउट तेहाचापी खिंडीचा आहे. १८७६ मध्ये पुऱ्या झालेल्या या घाटमार्गावर चढाव कमी करण्यासाठी रूळ एका टेकडीभोवती पूर्ण वेढा घेतात आणि स्वतःच्याच वरून ओलांडून जातात. गाडी पुरेशी लांब असली तर तिचे इंजिन तिच्याच मागच्या डब्यांच्या डोक्यावरून जाते. खरा वेढा रस्त्याकडेला उभे राहून दुरून पाहावा लागतो. येथे तो हाताच्या अंतरावर दिसतो. घाट कशासाठी वळणे घेतो, हे सांगायला मग पाटी लागत नाही.

असे भाग्य थोड्या क्लबांना लाभते. बाकीच्यांची भाडी वाढत राहतात आणि सभासदांचे वयही. क्लबाची वर्गणी भरणाऱ्यांत सेवानिवृत्तांची संख्या मोठी असते. तरुण येतो, नोकरीचे गाव बदलले की जातो. दार उघडण्यामागे ही गरजही असते, ती लपवण्याचे कारण नाही. दाराशी ठेवलेल्या पेटीतील देणगीतून भाड्याला हातभार लागतो आणि स्टुलावर उभ्या असलेल्या एखाद्या मुलातून पुढचा सभासद मिळण्याची आशा असते.

घरच्यांचा या रेल्वेशी असलेला संबंध अमेरिकेत नाताळच्या झाडापासून सुरू होतो. लायोनेल ही न्यू यॉर्कची कंपनी १९०० मध्ये निघाली. तिची पहिली विजेची गाडी दुकानाच्या काचेआड ठेवून गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी केलेली होती. गिऱ्हाइकांनी मांडलेला माल सोडून गाडीच विकत मागितली. पुढच्या काही दशकांत नाताळच्या झाडाभोवती रुळांचे कडे घालणे ही घरोघरची प्रथा झाली आणि वडिलांनी मुलासाठी म्हणून आणलेली गाडी वडीलच चालवत बसले आहेत, हा तिकडचा सार्वकालिक विनोद.

इंग्लंडमधील रेव्हरंड ऑड्री यांनी आजारी मुलाला रमवण्यासाठी इंजिनांच्या गोष्टी रचल्या. १९४५ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पुस्तकात थॉमस हे निळे इंजिन अवतरले. हे ऑड्री स्वतः मॉडेल रेल्वे बांधत आणि थॉमसच्या मार्गाचा लेआउट प्रदर्शनांत नेऊन लोकांसमोर चालवत. क्लबांच्या खुल्या दिवशी थॉमस चालवावा की नाही, यावर आजही बैठका रंगतात. १९५० च्या दशकातील पेनसिल्वेनियाचा काटेकोर देखावा आणि त्यातून डोळे मिचकावणारे निळे इंजिन, ही कल्पना शुद्धतावाद्याला असह्य होते. थॉमस तरीही चालतो. मत मांडायचेच तर ते थॉमसच्या बाजूने पडेल: ज्या छंदातील एक थोर गोष्ट आजारी मुलाच्या बिछान्यापाशी जन्मली, त्याने मुलांपुढे एवढे ताठ राहू नये.

गायक नील यंग यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बोटांनी बारीक कळ फिरवणे त्याला शक्य नव्हते. त्याला गाडी आपल्या हाताने चालवता यावी म्हणून यंग यांनी मोठ्या तांबड्या बटणाचे नियंत्रक तयार करवून घेतले. त्या खटपटीतून ते मॉडेल रेल्वेच्या नियंत्रणपद्धतींत इतके गुंतले की १९९५ मध्ये लायोनेल कंपनीच्या मालकांपैकी एक झाले. आता काही क्लब खुल्या दिवसांत एखादा तास गर्दी, आवाज आणि लखलखाट यांनी बावरणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवतात. तेव्हा शिट्ट्या बंद असतात, दिवे मंद असतात आणि थोड्याच मुलांना आत सोडले जाते.

पाहुणे काय पाहतात, हा बांधणाऱ्यांना दरवर्षी नव्याने चकित करणारा विषय असतो. महिनाभर खपून बसवलेली सिग्नलची यंत्रणा कोणाच्या नजरेत भरत नाही. गवतात कोणीतरी गमतीने ठेवलेली गाय, छपरावर बसलेले मांजर, पुलाखाली गळ टाकून बसलेला माणूस हे मात्र मुले क्षणात हेरतात. काही क्लबांनी यावरून धडा घेतला. दारात प्रत्येक मुलाला एक यादी दिली जाते: तांबडी छत्री शोधा, दोरीवरचे कपडे शोधा, झोपलेला हमाल शोधा. मग मूल गाडीमागे धावायचे थांबते आणि लेआउटवरचा देखावा बारकाईने पाहू लागते. कधी एखादा निवृत्त रेल्वे कर्मचारी येतो, बराच वेळ गप्प राहतो आणि जाताना सांगतो की अमुक सिग्नल सांध्याच्या चुकीच्या बाजूला आहे. त्याचे म्हणणे पुढच्या बैठकीपर्यंत पुरते आणि सिग्नल हलवला जातो.

दार उघडण्याची किंमतही असते. मे २०१९ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील मार्केट डीपिंग येथील क्लबाने जवळच्या स्टॅमफर्ड गावात एका शाळेत आपले वार्षिक प्रदर्शन मांडले होते. आदल्या दिवशी टेबले लागली, लेआउट जोडले गेले, सभासद घरी गेले. रात्री काही अल्पवयीन मुले आत शिरली आणि त्यांनी हाती लागेल ते फोडले. सकाळी दार उघडणाऱ्यांना जमिनीवर चिरडलेले डबे आणि उपडी झालेली गावे दिसली. काही सभासदांचे त्यात वीस-पंचवीस वर्षांचे काम होते. या वस्तू बाजारात मिळत नसतात. नवे रूळ आणता येतात, पण ज्या रात्रींत ते छप्पर कौल कौल करून चिकटवले त्या रात्री परत आणता येत नाहीत. क्लबाने लोकांकडे ५०० पौंडांची मदत मागितली. काही दिवसांतच एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. स्वतः मोठा लेआउट बांधणारे गायक रॉड स्टुअर्ट यांनी त्यात दहा हजार पौंड घातले. बाकीचे पैसे बहुतांशी अनोळखी लोकांचे होते.

आपल्याकडे मॉडेल रेल्वेचा इतिहास अगदीच कोरा नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे सरकारांच्या भोजनाच्या लांब टेबलावर चांदीची गाडी धावत असे. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने ती घडवली होती. तिच्यातील काचपात्रांतून मद्य आणि डब्यांतून चिरूट पाहुण्यांपुढे फिरत. पात्र उचलले की गाडी थांबे, जागेवर ठेवले की पुढे निघे. पाहुण्यांसमोर गाडी चालवून दाखवण्याची हौस येथे राजेशाही थाटात पुरी झालेली दिसते. गाडी आजही तेथील संग्रहालयात पाहायला मिळते.

सामान्य माणसाला परवडेल अशा रीतीने तीच हौस पुण्यात फळाला आली. कोथरूडमधील ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ हे भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिले आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. एचओ प्रमाणातील या शहरात अनेक गाड्या एकाच वेळी धावतात. खेळ चालू असताना खोलीतील उजेड मावळतो आणि इवल्या रस्त्यांवर दिवे लागतात. तेथे मुलांच्या हातात यादी नसते, पण सुट्टीत आजी-आजोबांचे बोट धरून आलेली मुले काचेला नाक लावून तेच करतात. एका माणसाने सुरू केलेले हे काम त्याच्या माघारी घरच्यांनी चालू ठेवले. पाश्चात्त्य देशांत जे क्लब करतो ते येथे कुटुंबाने केले.

गोव्यासारख्या ठिकाणी असा क्लब निघालाच तर त्याच्यापुढे दोन अडचणी असतील. एक, तळघरे नाहीत आणि रिकामी जागा महाग आहे. दुसरी, पावसाळ्याचे चार महिने प्लायवूड पाणी पीत राहील. पहिल्या अडचणीवर उपाय अमेरिकेत १९७० च्या दशकातच निघालेला आहे. ‘एन’ हे प्रमाण एचओच्याही जवळजवळ निम्मे, म्हणजे मूळ वस्तूच्या एकशे साठाव्या हिश्श्याचे. कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी या प्रमाणात चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा सुट्या तुकड्यांची पद्धत रूढ केली. तिला ‘एनट्रॅक’ म्हणतात. तुकड्याच्या मध्ये काय बांधायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; दोन्ही टोकांना तीन रूळमार्ग ठरलेल्या जागी आले म्हणजे झाले. तुकडा घरी पलंगाखाली राहतो. वर्षातून दोनदा सारे जण आपापले तुकडे गाडीत घालून एखाद्या सभागृहात आणतात, टोकाला टोक लावतात आणि दुपारपर्यंत सलग रेल्वे उभी राहते. या पद्धतीत घरचे लोक पाहुणे उरत नाहीत. तुकडा घरातच बांधला जात असल्याने त्यावरची झाडे कोणी लावली, भिंत कोणी रंगवली, याचा हिशेब घरात सर्वांना ठाऊक असतो.

१८८० च्या दशकात मुरगाव बंदर देशाशी जोडण्यासाठी घातलेला आपला घाटमार्ग या पद्धतीला फार सोयीचा आहे. मूळचे मीटरगेज जाऊन तेथे ब्रॉडगेज आले, स्थानकांची नावे मात्र तीच राहिली. एकाने कुळ्याचे यार्ड बांधावे, जेथे घाट चढण्यासाठी मागून जोडइंजिने लागतात. दुसऱ्याने सोनावळी घ्यावी, तिसऱ्याने करंझोळचा बोगदा, चौथ्याने कॅसल रॉक. दूधसागर एन प्रमाणातही जवळजवळ दोन मीटर भरतो. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या घरच्यांना पलंगाखालची जागा पुरणार नाही. कपाटामागची भिंत द्यावी लागेल.